आरएक्स १०० गरम झाल्यावर रेस खाली येत नाही: कार्बोरेटर, रबर की क्रँकचे सील?

प्रश्न (वाईहून)

नमस्कार. माझ्याकडे १९९४ सालची यामाहा आरएक्स १०० आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती. एकदा बोअर करून पिस्टन बदललेला आहे, पण क्रँककेस (क्रँकशाफ्ट ज्यात फिरतो ते इंजिनाचे खालचे कवच) आजवर कधीही उघडलेले नाही. ऑटोल्यूबचा (इंजिनाला आपोआप ऑइल पुरवणारा) ऑइल पंप मूळचाच असून तो चालू आहे. गेल्या दोन महिन्यांपासून गाडीची स्लो रेस (मूठ सोडलेली असतानाची इंजिनाची गती) वाढली आहे आणि तीन ठिकाणी तीन निरनिराळी कारणे सांगितली गेल्यामुळे मी येथे सविस्तर लिहीत आहे.

सकाळी थंड इंजिनावर गाडी दुसऱ्या किकला सुरू होते आणि तिची स्लो अगदी पूर्वीसारखी, एकेक ठोका कानाला वेगळा कळेल इतकी संथ असते. पाच-सात किलोमीटर चालल्यावर मात्र चित्र बदलते. मूठ पूर्ण सोडली तरी इंजिन चार-पाच सेकंद तसेच घोंघावत राहते आणि त्यानंतर रेस जिथे येऊन थांबते ती पातळीही नेहमीच्या दुपटीएवढी असते. या गाडीला आरपीएमचा काटा नसल्यामुळे मी एका मित्राकडचे, प्लगच्या वायरला चिमटा लावून मोजणारे मीटर आणले. थंड असताना १३०० आणि गरम झाल्यावर २६०० च्या आसपास आकडा दिसला. मागच्या रविवारी पसरणी घाट चढताना काहीच त्रास झाला नाही, पण पाचगणीहून उतरताना मूठ बंद असूनही इंजिन ओढत होते आणि सारा भार ब्रेकवर येत होता. त्या दिवसापासून मी गाडी गावाबाहेर नेलेली नाही.

पहिल्या मेकॅनिकने स्लोचा स्क्रू जवळजवळ पूर्ण बाहेर काढला. त्यामुळे गरम इंजिन थोडे शांत झाले, पण थंड गाडी सिग्नलला बंद पडू लागली. दुसऱ्याने कार्बोरेटरच खराब झाला आहे असे सांगून बाजारातला नवा बसवला, तरी फरक पडला नाही, म्हणून मी मूळचा मिकुनी कार्बोरेटर परत लावला आहे. तिसऱ्याने सगळा दोष इथेनॉलमिश्रित पेट्रोलला दिला आणि क्रँकचे सीलही (शाफ्टच्या दोन्ही बाजूंना हवा अडवणारी रबरी कडी) गेलेले असू शकतात, इंजिन पूर्ण उघडावे लागेल, असे सांगितले.

कंपनीतून जसे आले तसे राहिलेले हे क्रँककेस खात्री पटल्याशिवाय उघडावे असे मला वाटत नाही. दोष कार्बोरेटरमध्ये आहे, इनटेकच्या (कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या) रबरात आहे की सीलमध्ये, हे घरच्या घरी कसे ओळखावे? मला पाने-पक्कड चालवता येते आणि घाई अजिबात नाही.

पहिला प्रतिसाद (सांगलीहून)

आपण लक्षणे इतकी नीट लिहिली आहेत की निम्मे काम तिथेच झाले आहे. थंड असताना ठीक, गरम झाल्यावर रेस चढणे आणि मूठ सोडल्यावर ती रेंगाळत खाली येणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की इंजिन कुठून तरी जास्तीची हवा घेत आहे किंवा त्याला स्लोवर पेट्रोल कमी पडत आहे, असे समजावे. दोन्हींचा परिणाम एकच होतो, मिश्रण पातळ होते.

पातळ मिश्रणाने रेस कमी होण्याऐवजी वाढते का, हा प्रश्न मलाही पूर्वी पडला होता. टू-स्ट्रोक इंजिन स्लोवर मुद्दाम थोड्या जाड मिश्रणावर चालवलेले असते आणि सिलिंडरमध्ये जळलेला वायूही बराच उरलेला असतो, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला नीट स्फोट होत नाही. आपण ज्याला आरएक्सचा ठेका म्हणतो तो या चुकलेल्या ठोक्यांमुळेच ऐकू येतो. मिश्रण पातळ झाले की चुकणारे ठोके पेटू लागतात, प्रत्येक फेऱ्याला जोर मिळतो आणि स्क्रूला हात न लावता रेस चढते. म्हणून स्लोचा स्क्रू बाहेर काढणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण तो स्क्रू फक्त स्लाइड (मुठीबरोबर वर-खाली होऊन कार्बोरेटरची वाट उघडणारा भाग) किती उघडी राहावी एवढेच ठरवतो. हवा जर कार्बोरेटरच्या पुढून शिरत असेल तर तिच्यावर त्याचा काहीच अधिकार चालत नाही. तो आधी मूळ जागी आणून ठेवावा, नाहीतर पुढची प्रत्येक तपासणी फसवी ठरेल.

आता क्रम सांगतो. सर्वांत आधी रेसची केबल पाहावी. गाडी गरम करून मेन स्टँडवर लावा आणि स्लोवर असताना हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. हँडल वळवताना रेस वाढली तर केबल ताणली जात आहे किंवा टाकीखाली चुकीच्या वाटेने नेलेली आहे. आरएक्सच्या केबलला मध्ये एक जोड असतो, तिथून एक फाटा कार्बोरेटरकडे आणि दुसरा ऑइल पंपाकडे जातो. त्या जोडात वर्षानुवर्षे माती आणि जुने ग्रीस साचते आणि आतली गोळी अडकून स्लाइड पुरती खाली बसत नाही. तो जोड उघडून रॉकेलने धुवावा. मुठीला दोन-तीन मिलिमीटरची ढील असलीच पाहिजे.

त्यानंतर स्लाइड. कार्बोरेटर दोनदा काढून बसवला गेला आहे, म्हणून हे अवश्य पाहा: स्लाइडच्या एका कडेला जो तिरपा काप असतो, तो एअर फिल्टरच्या बाजूला आला पाहिजे. स्लाइड उलटी बसली तर रेस कधीच खाली येत नाही. चोकचा दट्ट्याही पूर्ण बसतो का ते बोटाने दाबून पाहावे. तो अर्धवट उघडा राहिला तरी रेस वाढते, मात्र त्या वेळी मिश्रण जाड असते आणि प्लग काळा, ओला निघतो. आपला प्लग कोणत्या रंगाचा आहे ते लिहा.

केबल आणि स्लाइड ठीक असतील तर इनटेकच्या रबराकडे या. गाडी गरम होऊन रेस चढली की एका सिरिंजमध्ये साधे पाणी घ्या आणि कार्बोरेटर ज्या रबरात बसतो त्याच्या भोवती, क्लॅम्पच्या दोन्ही कडांना, आणि रबर जिथे सिलिंडरला बसते त्या गॅस्केटच्या रेषेवर थोडे थोडे सोडा. फट असेल तर पाणी क्षणभर ती बुजवते आणि रेस तेवढ्यापुरती पडते किंवा इंजिन अडखळते. अनेक जण यासाठी कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल फवारतात. तापलेल्या सिलिंडरजवळ आणि प्लगच्या वायरीखाली ते फवारणे धोक्याचे आहे आणि पाण्याने तेच काम होत असताना त्याची गरजही नाही.

दुसरा प्रतिसाद (इचलकरंजीहून)

वरचा क्रम योग्य आहे. मी फक्त एक सावधगिरीची गोष्ट सांगण्यासाठी लिहीत आहे, कारण तिची किंमत मी मोजली आहे.

माझ्या गाडीलाही हेच झाले होते आणि मी तशीच सहा महिने चालवली. रेस जास्त आहे एवढेच ना, असे वाटत होते. एके दिवशी उतारावर इंजिन तापून पिस्टनने पकड घेतली आणि मागचे चाक जागीच अडकले. क्लच दाबण्याची सवय असल्यामुळे मी पडलो नाही, पण सिलिंडर बाद झाला. पातळ मिश्रणाने इंजिन तापते हे एक कारण आहे. दुसरे असे की आपला ऑइल पंप इंजिनाच्या गतीबरोबर मुठीकडेही पाहतो. मूठ बंद असली की तो प्रत्येक फेऱ्याला कमीत कमी ऑइल देतो. उतारावर मूठ बंद आणि इंजिन मात्र वेगात, म्हणजे पिस्टनला सर्वांत जास्त ऑइल हवे असताना सर्वांत कमी मिळते. आपण पसरणी घाटानंतर गाडी बाहेर नेली नाही हे फार चांगले केले.

आणखी एक. रेस अचानक खूप चढली आणि चावी बंद करूनही इंजिन थांबेना, असे तापलेल्या इंजिनाच्या बाबतीत होऊ शकते. अशा वेळी पेट्रोलचा कॉक बंद करू नये. कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल संपत आले की मिश्रण आणखी पातळ होते आणि थांबण्याआधी रेस आणखी वर जाते. त्याऐवजी चोक ओढावा. तेवढ्याने भागले नाही तर दोन्ही ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा, इंजिन बंद पडते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज दिवसभर बसून सांगितलेल्या क्रमाने पाहिले.

हँडल फिरवल्यावर रेसमध्ये फरक पडला नाही. केबलच्या जोडात खरोखरच काळा चिखल होता, तो धुतला आणि मूठ आता सोडताच टक्क करून मागे येते. स्लाइडचा काप फिल्टरकडेच आहे. चोक पूर्ण बसतो. प्लग काढला तेव्हा चिनीमातीचा भाग जवळजवळ पांढरा निघाला. त्याच्यावर नेहमी जो बिस्किटासारखा तपकिरी रंग येत असे त्याचा मागमूस नव्हता.

मग पाण्याची चाचणी केली. रबराच्या वरच्या बाजूला काहीच झाले नाही, पण क्लॅम्पच्या खालच्या कडेला सिरिंज नेल्याबरोबर इंजिनाने एक गटांगळी खाल्ली आणि रेस धाडकन पडली. तीन वेळा केले आणि तिन्ही वेळा तेच झाले. रबर काढून अंगठ्याने वाकवले तेव्हा वरून धड दिसणाऱ्या रबराला खालच्या बाजूने, क्लॅम्पच्या बरोबर खाली, नखाएवढी लांब चीर उघडलेली दिसली. थंड आणि सरळ असताना ती मिटलेली असते. वाकवले तरच तोंड उघडते.

नवे रबर आणि गॅस्केट बसवले. स्लोचा स्क्रू पूर्वीच्या जागी आणला. थंड रेस १३०० आहे आणि गरम झाल्यावर ती आता १९०० वर थांबते. म्हणजे सुधारणा निश्चित आहे, पण काम पूर्ण झालेले नाही. रेंगाळणेही कमी झाले आहे, गेलेले नाही. रबर बदलल्यावर आता संशय कशाचा घ्यावा?

तिसरा प्रतिसाद (नागपूरहून)

तिसऱ्या मेकॅनिकच्या पेट्रोलविषयीच्या बोलण्याकडे दुर्लक्ष झाले आहे असे मला वाटते, म्हणून त्याविषयी लिहितो.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ भाग पुरते, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. दोन्हींच्या मिश्रणाला साधारण साडेतेरा भाग हवा पुरते. नव्या गाडीतला संगणक सेन्सरवरून हे ओळखतो आणि पेट्रोल वाढवतो. आरएक्सचा जेट म्हणजे पितळेतले एक ठरावीक छिद्र आहे. १९९४ साली ज्या पेट्रोलसाठी ते पाडले, तेवढेच आजही आहे. म्हणून आपले इंजिन कोणताही दोष नसताना सुद्धा सात-आठ टक्के पातळ चालते. पायलट जेट (स्लोवर पेट्रोल देणारा छोटा जेट) एक आकडा मोठा बसवून पाहावा आणि हवेचा स्क्रू थोडा आत घ्यावा, असे मला वाटते. या कार्बोरेटरला हवेचा स्क्रू आत घेतला की मिश्रण जाड होते.

पावसाळ्यात गाडी आठवडे-आठवडे उभी राहत असेल तर वाटी काढून तळाशी पाणी साचले आहे का तेही पाहावे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते.

पहिला प्रतिसाद देणारे

इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होते हे मला मान्य आहे आणि जुन्या रबराला ते मानवत नाही हेही खरे. पण त्याने होणारा पातळपणा थंड आणि गरम दोन्ही वेळी सारखाच असतो आणि पाण्याच्या थेंबाने तो क्षणभर नाहीसा होत नाही. शिवाय प्रश्नकर्त्यांच्या गाडीत दोष दोन महिन्यांपूर्वी सुरू झाला आणि हे पेट्रोल ते त्याआधीपासून भरत आहेत. फट शिल्लक असताना मोठा जेट बसवणे म्हणजे गळक्या छपराखाली मोठे भांडे ठेवणे आहे. स्लो सुधारेल, पण पूर्ण मुठीवर कुठे किती हवा शिरते हे कोणालाच सांगता येणार नाही. आधी इंजिन हवाबंद आहे हे सिद्ध व्हावे आणि मगच जेटला हात लावावा.

प्रश्नकर्त्यांना दोन गोष्टी विचारतो. गिअर ऑइलची पातळी कमी झाली आहे का? आणि सायलेन्सरमधून नेहमीपेक्षा दाट, गिअर ऑइलच्या उग्र वासाचा धूर येतो का? क्लचच्या बाजूचे क्रँक सील गेले तर क्रँककेस गिअरबॉक्समधले ऑइल ओढून घेते आणि ते जळते. तसे नसेल तर मॅग्नेटच्या (शाफ्टवरच्या, वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूच्या सीलवर संशय राहतो, कारण त्या बाजूला बाहेर नुसती हवा आहे आणि ते सील गेल्यावर धुराची खूण मिळत नाही, फक्त रेस चढते.

प्रश्नकर्ता

गिअर ऑइल चार महिन्यांपूर्वी बदलले होते. आज पातळी मोजली तर बरोबर निघाली. धूर नेहमीइतकाच आहे आणि वास टू-टी (टू-स्ट्रोकच्या) ऑइलचाच आहे. मॅग्नेटचे कव्हर उघडले तर आत पातळ तेलकट थर दिसतो, पण तो आत्ताचा आहे की गेल्या तीस वर्षांचा हे सांगता येत नाही.

चौथा प्रतिसाद (निवृत्त आयटीआय शिक्षक, सोलापूर)

मी मोटर मेकॅनिकचा ट्रेड अनेक वर्षे शिकवला आहे आणि टू-स्ट्रोक इंजिनांवर अंदाजाने सील बदलणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटत. त्यांना मी जे करून दाखवत असे ते आपणही घरी करू शकाल. टू-स्ट्रोकचे क्रँककेस ही हवेची बंद पेटी असते. पेटी गळते का हे पाहायचे तर तीत हवा भरावी आणि ती टिकते का ते पाहावे. इंजिन चालू ठेवून फवारणी करण्यापेक्षा ही परीक्षा कितीतरी खात्रीची आहे.

यासाठी मोठ्या यंत्राची गरज नाही. घरात रक्तदाब मोजण्याचे डायलचे जुने यंत्र असेल तर त्याचा फुगा आणि डायल वापरावा. पाऱ्याचे यंत्र वापरू नये. डायलवर ३०० मिलिमीटरपर्यंत आकडे असतात आणि ३०० मिलिमीटर म्हणजे साधारण ०.४ बार, सुमारे सहा पौंडांच्या जरा आत. या कामाला लागतो तितकाच हा दाब आहे. टायर भरण्याचा पंप लावू नये, त्याचा दाब सहज जास्त होतो आणि चांगले सीलही जागेवरून निघते.

सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडावर जाड रबराचा तुकडा ठेवावा, त्यावर पट्टी ठेवून मूळच्याच बोल्टांनी आवळावे. कार्बोरेटर काढून त्याच्या जागी रबरात घट्ट बसेल असे बूच बसवून क्लॅम्प आवळावा. बुचाला आधीच आरपार भोक पाडून त्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आतली सुई काढून बसवावा आणि त्याला यंत्राची नळी जोडावी. प्लग जागेवर घट्ट ठेवावा. पिस्टन अगदी खाली आणावा म्हणजे सर्व वाटा उघड्या होऊन सिलिंडर आणि क्रँककेस मिळून एकच पेटी होते. रीडच्या (इनटेकमधल्या एकाच दिशेच्या झडपेच्या) पाकळ्या आतल्या दिशेने उघडतात, त्यामुळे बुचातून दिलेली हवा त्यांच्यातून आत जाते.

आता फुगा दाबत काटा २५० ते ३०० पर्यंत न्यावा आणि घड्याळ लावावे. पाच मिनिटांत काटा पंधरा-वीस मिलिमीटर उतरला तर मी ते इंजिन ठीक मानत असे. काटा डोळ्यांदेखत घसरत असेल तर साबणाचा दाट फेस ब्रशने लावत जावे: आधी स्वतःच्या बुचांना आणि नळीच्या जोडांना, कारण बहुतेक वेळा पहिली गळती तिथेच सापडते, मग हेडच्या सांध्याला, सिलिंडरच्या बुडाच्या गॅस्केटला, रीडच्या पेटीला, क्रँककेसच्या मधल्या सांध्याला आणि शेवटी मॅग्नेट काढून त्यामागच्या सीलला. क्लचच्या बाजूचे सील दिसत नाही. त्यासाठी गिअर ऑइल भरण्याचे बूच उघडून त्या तोंडावर फेसाचा पडदा धरावा. पडदा फुगू लागला तर हवा गिअरबॉक्समध्ये येत आहे.

या परीक्षेची एक मर्यादा सांगितली पाहिजे. सीलची ओठासारखी कड आतल्या दाबाने शाफ्टवर आणखी दाबली जाते, त्यामुळे झिजलेले सील सुद्धा दाबाखाली कधी कधी टिकते आणि ओढीखाली गळते. म्हणून दाबात काही सापडले नाही आणि लक्षण कायम राहिले तर हीच परीक्षा हवा ओढून पुन्हा करावी.

मॅग्नेट काढताना पुलरच वापरावा. हातोडीने ठोकून काढलेले मॅग्नेट मी पुष्कळ पाहिले आहेत आणि त्यांच्याबरोबर वाकलेले क्रँकही.

प्रश्नकर्ता

सर, आपला प्रतिसाद वाचून मी दोन दिवस साहित्य जमवले आणि मग परीक्षा केली. आईचे जुने रक्तदाबाचे यंत्र कपाटात होते. बूच लाकडाच्या गुटक्याला सायकलच्या ट्यूबचे दोन थर गुंडाळून तयार केले.

पहिल्या खेपेला काटा २६० वरून अर्ध्या मिनिटात शून्यावर आला आणि मी घाबरलो. फेस लावला तर माझ्याच बुचातल्या व्हॉल्व्हभोवती बुडबुडे येत होते. ते सायकलच्या सोल्युशनने बंद करून दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा भरली. या वेळी काटा २६० वरून ९० वर यायला एक मिनिटाच्या जरा आत लागले. हेड, सिलिंडरचे बूड, रीडची पेटी, क्रँककेसचा सांधा, सगळीकडे फेस लावला आणि तो जसाच्या तसा राहिला. गिअर ऑइलच्या तोंडावरचा पडदाही हलला नाही. मग पुलर आणून मॅग्नेट काढले, कॉइलची प्लेट उतरवली आणि सीलवर ब्रश फिरवला. शाफ्टच्या खालच्या अंगाला, घड्याळातल्या पाचच्या जागी, एकापाठोपाठ एक बुडबुडे फुगून फुटू लागले. कानाजवळ नेले तर बारीक सूं असा आवाजही येत होता.

आता माझा मूळ प्रश्न पुन्हा विचारतो. हे सील बदलण्यासाठी इंजिन पूर्ण उघडावे लागेल का?

चौथा प्रतिसाद देणारे

आपण पहिल्या खेपेला स्वतःच्या बुचावर फेस लावलात याचा मला विशेष आनंद झाला. घाईचा माणूस त्या आकड्यावरच इंजिन उघडून बसला असता.

मॅग्नेटच्या बाजूचे सील बाहेरून निघायला हवे. आधी टॉर्चच्या उजेडात पाहा: सीलची बाहेरची कड मोकळी दिसते का, की केसच्या धातूचे कडे तिच्यावर आलेले आहे. काही इंजिनांत सीलला बाहेरून कडे किंवा खाच असते आणि मग केस वेगळे केल्याशिवाय ते निघत नाही. मोकळे असेल तर सीलच्या धातूच्या अंगाला एक बारीक भोक पाडून त्यात छोटा पत्र्याचा स्क्रू दोन फेरे बसवावा आणि पकडीने सरळ ओढावे. भोक पाडताना ड्रिलला खडूने खूण करून खोली ठरवून घ्या, मागे बेअरिंग आहे. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावले की कीस त्यालाच चिकटतो. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नये, शाफ्टवर ओरखडा गेला तर नवे सीलही त्या ओरखड्यावरून गळते.

नव्या सीलच्या ओठाला टू-टी ऑइल लावावे, शाफ्टवरची, मॅग्नेट जागेवर धरणाऱ्या चावीची खाच सेलोटेपने झाकावी म्हणजे ओठ कापला जात नाही, आणि सीलच्या बाहेरच्या व्यासाचा एखादा बॉक्स पाना ठेवून हलके ठोकत, सर्व बाजूंनी सारखे, जुन्या सीलच्याच खोलीपर्यंत बसवावे. जुने सील काढण्याआधी ती खोली मोजून ठेवा. आणि शाफ्ट हाताने वर-खाली हलवून पाहा. बेअरिंगला खेळ आला असेल तर नवे सील सहा महिन्यांत पुन्हा जाईल आणि मग मात्र केस उघडणे टाळू नये.

प्रश्नकर्ता

सील बाहेरूनच निघाले. शाफ्टला हाताला जाणवेल असा खेळ नाही. जुन्या सीलचा ओठ रबराचा राहिलेलाच नव्हता. नखाने दाबला तर दबत नव्हता, टिकटिक वाजत होता, आणि खालच्या बाजूला त्याचा एक तुकडा गहू एवढा उडालेला होता. नवे सील बसवून मॅग्नेट चढवण्याआधी पुन्हा हवा भरली. काटा २७० वरून पाच मिनिटांनी २६० वर होता.

काल सगळे जोडून गाडी सुरू केली. पंधरा किलोमीटर फिरवून मीटर लावले, गरम इंजिनावर १३५० आकडा आहे आणि मूठ सोडताच रेस खाली येते. ठेका परत आला आहे. आईने आतून विचारले, आज गाडी वेगळी का वाजते आहे.

पहिला प्रतिसाद देणारे

फार आनंद झाला. आता दोन कामे राहिली आहेत. इंजिन हवाबंद असल्याची खात्री पटली, म्हणून नागपूरच्या सभासदांनी सुचवलेले काम करण्याची वेळ आता आली आहे. गरम इंजिनावर हवेचा स्क्रू पूर्ण आत बसवून दीड फेरा बाहेर काढा, तिथून पाव-पाव फेरा दोन्ही बाजूंना फिरवून रेस सर्वांत स्थिर कुठे लागते ते शोधा आणि मग स्लोच्या स्क्रूने १३०० वर आणा. हवेचा स्क्रू एका फेऱ्याच्याही आत घ्यावा लागला तर पायलट जेट एक आकडा मोठा लावा, नाहीतर आहे तोच राहू द्या. दुसरे, केबलचा जोड धुतल्यामुळे ऑइल पंपाच्या फाट्याची ढीलही बदललेली असेल. पंपाच्या चाकावरची खूण पिनेशी जुळते का ते पाहून केबल लावून घ्या. दोनशे किलोमीटरनंतर प्लग काढून रंग कळवा आणि तोवर घाट टाळा.

प्रश्नकर्ता

पंपाची खूण खरोखरच एक रेषभर मागे होती, ती जुळवली. हवेचा स्क्रू सव्वा फेऱ्यावर स्थिर लागला, त्यामुळे जेट बदललेला नाही. दोनशे किलोमीटर पूर्ण झाले की प्लगचा रंग येथेच लिहितो.

प्रश्नकर्ता, तीन आठवड्यांनंतर

२३० किलोमीटर झाले. प्लग फिकट तपकिरी आहे, एका कडेला किंचित गडद. गरम रेस १३०० वर टिकून आहे. काल पाचगणीला जाऊन आलो. उतरताना मूठ बंद केली की इंजिन गाडी धरून ठेवत होते आणि अधूनमधून मी क्लच दाबून मूठ थोडी उघडत होतो, म्हणजे पिस्टनला ऑइल मिळत राहील.

दुसरा प्रतिसाद देणारे

ती सवय सोडू नका.